चिन्नौरचा वास आणि माझं घोरणं

चिन्नौर तांदूळ हाताळला की त्याचा वास बोटांना राहतो. साबण लावा, भांडी घासा, दिवसभर फळ्यावर खडूनं लिहा, संध्याकाळी बोटं नाकाशी नेली की तो असतोच. परवा बालाघाटच्या बाजारात नवा चिन्नौर आलेला दिसला. कटंगीकडून येणाऱ्या बसमधून पोती उतरत होती. सवयीप्रमाणे मी मूठभर दाणे तळहातावर घेऊन चोळले, वास घेतला आणि तिथंच उभ्या उभ्या हसले. दुकानदाराला वाटलं, माल पसंत पडला. माल चांगला होताच, पण हसण्याचं कारण वेगळं होतं. एका वर्षी याच दिवसांत याच वासापायी माझ्यावर चोरून खाल्ल्याचा आळ आला होता, आणि मी तर शीतही तोंडात टाकलं नव्हतं. आमच्या इकडे म्हणतात ना, खाया पिया कुछ नहीं, गिलास तोड़ा बारह आना.

धानकापणीच्या दिवसांत आमच्याकडे थंडी जरा दबकतच येते. सकाळी वैनगंगेवर धुकं असतं आणि दुपारी ऊन चांगलं टोचतं. भरवेलीच्या खाणीत पहिल्या पाळीला जाणारी माणसं कानाला मफलर गुंडाळून मोटारसायकलींवर निघतात. गावाबाहेर पडलं की रस्त्याच्या कडेला धान वाळत घातलेलं असतं, आणि बसवाला काही न बोलता त्याला वळसा घालून जातो. मळणी यंत्रांची घरघर, हवेत तणसाचा बारीक भुसा, केसांत, कानांत, चहाच्या कपात. हे सगळं मला दरवर्षी दिसतं. त्या वर्षी मात्र यातलं जवळजवळ काहीच दिसलं नाही, कारण तो अख्खा हंगाम मी झोपेत काढला.

मी तेव्हा गरोदर होते. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी दिवस राहिले होते, त्यामुळे दोन्हीकडचे डोळे माझ्या पोटाकडे लागलेले. सासर कटंगीजवळच्या खेड्यात, शेती धानाची. नवरा नोकरीपायी जबलपूरला, सुटीच्या दिवशी येणार. दवाखाना जवळ हवा म्हणून मी शाळेतून रजा घेऊन बालाघाटला माहेरी आले होते. आणि येऊन काय केलं, तर झोपले. मटार सोलता सोलता झोपले. ऑटोत झोपले. नवऱ्याशी फोनवर बोलता बोलता झोपले, तो बिचारा पलीकडून "हॅलो हॅलो" करत राहिला. एवढं झोपूनही सकाळी उठले की डोकं जड, तोंडाला कोरड, आणि रात्रभर धानाचे भारे वाहिल्यासारखं अंग. शेजारच्या काकू म्हणाल्या, "पोटुशी बाई झोपतेच. पोरगं झोपाळू हाय पोटातलं." मला ते पटलं, कारण दुसरं काही पटवून घ्यायला जागं राहावं लागलं असतं.

आमच्यात पोटुशी बाईला एकटं झोपू देत नाहीत. कुणीतरी मोठी बाई सोबतीला लागते. आईनं माझ्या खाटेशेजारी खाली गादी घातली. दुपारी मी आडवी झाले की ती गल्लीकडची खिडकी लावून घ्यायची आणि टीव्हीचा आवाज मोठा करायची. मला वाटायचं, आईला म्हातारपणी मालिकांचा नाद लागला. तिकडे नायिका रडते आहे, आणि आई टीव्हीकडे पाठ करून दारात बसलेली. असला कसला नाद, हे काही माझ्या मनात आलं नाही.

आमच्या घरात बाबांचं घोरणं प्रसिद्ध होतं. बाबा सिंचन खात्यातून निवृत्त झालेले, आणि दौऱ्यावर असताना त्यांच्या घोरण्यानं विश्रामगृहाचा चौकीदार कसा पळून गेला, ही गोष्ट ते स्वतःच पाहुण्यांना चहाबरोबर सांगायचे. पुरुष घोरला तर ती गंमत, बाई घोरली तर ती वाच्यता. घरातल्या बायांच्या झोपेबद्दल फक्त एकच वाक्य बोललं जाई, तेही आजीबद्दल. आईची आई परसवाड्याला राहायची आणि झोपेतच गेली. "पुण्यवान बाई, कोणाले तरास नाही देला, झोपेतच गेली," असं सगळे म्हणत. आई ते वाक्य कधीच म्हणत नसे, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

मग साखर निघाली. डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं की काही बायांना गरोदरपणात ही साखर होते, बाळंतपणानंतर बहुधा जाते, पण तोवर ती बाळाला बाधते. बाळ पोटात अवाजवी वाढतं, आणि जन्मल्यावर त्याचीच साखर एकदम उतरू शकते. पोटावर टोचायची बारीक सुई मिळाली, रोज सकाळी आणि जेवणानंतर बोट टोचून साखर बघायचं यंत्र मिळालं, आणि भात बंद झाला. बालाघाट जिल्ह्यात बाईचा भात बंद होणं ही काय साधी गोष्ट आहे? लोक मला भेटायला यायचे ते दुखवट्याला आल्यासारखा चेहरा करून. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, वरण, ताक. मी मुकाट्यानं खात होते. मनापासून खात होते असं नाही म्हणणार, पण इमानानं खात होते.

गंमत अशी की जेवणानंतरची साखर ताळ्यावर यायची, आणि सकाळची, रात्रभर उपाशीपोटी राहिल्यानंतरची साखर चढलेली असायची. रोज. सुईचा डोस वाढला, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

आणि नेमकं त्याच आठवड्यात सासूबाई नवा चिन्नौर घेऊन आल्या. मी त्यांना मामी म्हणते, आमच्याकडे तसंच म्हणतात. उंच, सडपातळ, बोलायला खणखणीत, कापणीच्या ऐन गर्दीत घरचं वावर सोडून बसनं आलेल्या. आमच्या सासरी नवा तांदूळ आधी देवापुढे जातो, आणि घरात कुणी दोन जिवांची असेल तर पहिला घास तिचा. तो तिनं खाल्ल्याशिवाय घरचे कुणी नव्याला हात लावत नाहीत. म्हणजे मी भात खात नाही तोवर सासरचं सगळं घर जुना तांदूळ खाणार! मामींनी डबा आईच्या स्वयंपाकघरात ठेवला आणि म्हणाल्या, "घास हिचाच राह्यते. आज नाही तं बाळंत झाल्यावर. आमी थांबतो." मग माझ्याकडे बघून, "पन शुगर काहून उतरून नाही राह्यली वं? काही खाऊन तं नाही राह्यली?"

"नाही मामी."

"नाही म्हणते," मामी आईला म्हणाल्या. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही हे त्यांनी लपवलंही नाही, लपवणं हा त्यांचा स्वभाव नव्हे.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी दवाखान्यात. डॉक्टरबाईंनी कागद बघितले, रक्तदाब घेतला, तोही जरा वर सरकलेला. बाळ वाढीत पुढे पळत होतं. सकाळची साखर अशीच राहिली तर तुम्हाला नागपूरला पाठवावं लागेल, बाळाला धोका आहे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग थोडं थांबून विचारलं, "दिन में बहुत नींद आती है? रात को खर्राटे आते हैं क्या?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "नहीं नहीं, मॅडम. खर्राटे-वर्राटे कुछ नहीं. बिलकुल चुपचाप सोती है."

मला स्वतःला काय माहीत असणार? आपण घोरतो की नाही हे जगात सगळ्यांत शेवटी आपल्याला कळतं. मीही मान हलवली. डॉक्टरबाई सरळच म्हणाल्या, मग खाण्यात काहीतरी जातंय, नीट लक्ष द्या. बाकावर शेजारी बसलेल्या मामींनी एक मोठा श्वास सोडला. परतताना ऑटोत दोघी दोन दिशांना बघत बसल्या. मी तर झोपलेच.

त्या संध्याकाळी मी डबा उघडला, हे खरं आहे. मामी परत गेल्या होत्या, आई देवापाशी होती. मी झाकण काढलं, मूठभर चिन्नौर घेतला, तळहातावर चोळला आणि वास घेतला. खायचं नाही म्हटल्यावर निदान वास तरी, एवढंच. दाणे परत डब्यात टाकले, झाकण लावलं.

सकाळी आई यंत्र घेऊन आली. माझं बोट रोज तीच टोचायची. तिनं माझा हात हातात घेतला, बोट दाबलं, आणि सुई लावायच्या आधी माझी बोटं हळूच नाकाशी नेली.

लहानपणी शाळेतून आल्यावर हात धुतले का हे ती असंच बघायची. तिनं हात खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "चिन्नौरचा वास येऊन राह्यला."

"नुसता वास घेतला गं आई. तोंडात नाही टाकला."

"नुसता वास घ्याले कोन डबा उघडते?"

मी रडले. मोठ्यानं, लहान पोरीसारखी. शिकलेली बाई, शाळेत मुलांना खरं बोला म्हणून सांगणारी, आणि माझीच आई माझी बोटं हुंगते! राग आला, लाज वाटली, आणि त्याहून वाईट म्हणजे माझाच माझ्यावरचा विश्वास उडाला. मी झोपेत उठून तर खात नसेन ना? सकाळी काहीच आठवत नाही, अंग ठेचल्यासारखं असतं. पोटात बाळ ढुशी देई तेव्हा मी मनात त्याला म्हणे, तुझी शपथ रे, मी नाही खाल्लं. मग मीच आईला डबा शेजारच्या काकूंकडे नेऊन ठेवायला लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी साखर होती तिथंच. त्या दिवसापासून आई फार गप्प झाली. तिचे डोळे लाल असायचे. मला वाटलं, माझ्यावर चिडली आहे.

डोहाळजेवण मला नकोच होतं. ज्या बाईला खायचंच नाही तिचे डोहाळे कसले पुरवता? पण मामींनी फोनवर ठणकावून सांगितलं की बोटाला सुया आणि पोटाला सुया, पोरीनं एक दिवस तरी फुलं ल्यावीत. हे त्या बोलल्या तेव्हा मला त्या पहिल्यांदा आवडल्या.

तर ते डोहाळजेवण. दुपारची वेळ, अंगणात मांडव नाही, नुसती साडी बांधून केलेली सावली. कापणीचे दिवस म्हणून खुर्चीला फुलांबरोबर धानाच्या लोंब्याही बांधलेल्या. मला हिरवी साडी, शेवंतीच्या बांगड्या, शेवंतीची वेणी. कटंगीकडच्या चार बाया मामींबरोबर आलेल्या, गल्लीतल्या सगळ्या जमलेल्या. ओटी भरली. दोन झाकलेल्या वाट्या पुढे आल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. "उचल, पन खाऊ नको!" कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या हसल्या. मग वाटी उचलायच्या आधी गाणं झालं पाहिजे म्हणून गाणं सुरू झालं. ऊन पाठीवर होतं, टाळ्या एका लयीत पडत होत्या.

त्यापुढचं मला आठवत नाही. पण ते सगळं मी नंतर पाहिलं आहे, कारण माझी मावसबहीण रश्मी मोबाईलवर चित्रीकरण करत होती.

त्यात मी दिसते ती अशी. मान मागं खुर्चीवर टेकलेली, तोंड उघडं, वेणी कानावर घसरलेली. आणि आवाज! बाबांचा चौकीदार पळाला तो उगाच नाही, आणि ते देणं फक्त त्यांच्याकडूनच आलेलं नसणार. पहिल्यांदा बायांचं गाणं हसण्यानं तुटतं, मग आणखी जोरात सुरू होतं, कारण आई घाईघाईनं टाळ्या वाढवते. तिचा चेहरा कोपऱ्यात दिसतो. ती गाते आहे आणि माझ्याकडे सरकते आहे. मग घोरणं थांबतं. एकदम. छाती हलते आहे, पण हवा आत जात नाही. गाणं चालूच. कुणाच्या लक्षात येत नाही, कारण आवाज नसला म्हणजे सगळं ठीक, असंच आपण समजतो.

मामींचा आवाज येतो, "गानं थांबवा वं बायांनो. हिचा दम पाहा."

"झोपली बिचारी, झोपू द्या," कुणीतरी म्हणतं.

"झोपली नाही. बुडून राह्यली हे!"

तोवर आई पोचलेली असते. ती माझ्या खांद्याला धरून मला एका बाजूला वळवते. इतक्या सराईतपणे, की बघताना कुणालाही कळावं, हे तिनं आज पहिल्यांदा केलेलं नाही. मला मोठा आचका बसतो, नाकातून भलताच आवाज निघतो, मी डोळे उघडते आणि विचारते, "पेढा निघाला की बर्फी?"

सगळ्या बाया खो खो हसतात. मामी हसत नाहीत. आई हसत नाही.

"विहीनबाई," मामी म्हणतात, "हे रोजचंच हाय का?"

आईची मान हलते. "हौ."

"मंग डॉक्टरीनबाईनं इचारलं तवा नाही काहून म्हटलं?"

आई खाली बघत म्हणते, "तुमी बाजूलेच बसल्या होत्या."

"मी काय वाघ आहो?"

इथं रश्मीनं मोबाईल खाली केला, त्यामुळे पुढे नुसती अंगणातली फरशी आणि बायांचे पाय दिसतात. पण पुढचं मी जागेपणी ऐकलं आहे. आई म्हणाली, लेक घोरते हे सासरी कळू द्यायचं नाही, पोरीचं हसं होतं, म्हणून ती रात्र रात्र बसून मला कुशीवर वळवत होती, दुपारी खिडकी लावत होती. झाकली मूठ सव्वा लाखाची. मामी सगळं ऐकत उभ्या राहिल्या. मग माझ्यापुढे येऊन बसल्या, माझा हात हातात घेतला आणि त्या सगळ्या बायांसमोर म्हणाल्या, "पोरी, मी तुयावर उगाच शक घेतला. तू चोरून नाही खाल्लं." मला रडू कोसळलं. शेवंतीच्या पाकळ्या साडीभर झाल्या. आयुष्यात मला बक्षिसं मिळाली आहेत, शाळेत शाल-नारळ मिळाला आहे, पण "तू नाही खाल्लं" याच्याइतकं काही गोड लागलेलं नाही.

डॉक्टरबाईंनी ते चित्रीकरण पाहिलं, परत पाहिलं. दवाखान्यात बायांचं गाणं आणि माझं घोरणं घुमलं. त्या रागावल्या नाहीत. "यही तो मैं पूछ रही थी," एवढंच आईला म्हणाल्या. मग समजावलं. गरोदरपणात वजन वाढतं, सूज येते, झोपेत घशाची वाट मिटते. श्वास अडतो, शरीर घाबरून जागं होतं, पुन्हा झोपतं, पुन्हा अडतं. रात्रभर हेच. या धास्तीत शरीर साखर चढवून ठेवतं, रक्तदाबही चढतो. गरोदरपणातली साखर असलेल्या बायांत हा त्रास बघावा लागतो, पण बघायचा कसा, बाई सांगते का? "मशीन लगाने से शुगर उतर ही जाएगी, ऐसा मैं नहीं कहूँगी," त्या म्हणाल्या, "पर साँस तो चलेगी. आपकी भी, बच्चे की भी."

नागपूरला जाऊन झोपेची तपासणी झाली. अंगभर तारा लावून तिथली बाई म्हणते, आता शांत झोपा! आणि मी झोपलेही, तेवढं एकच काम मला तेव्हा जमत होतं. नाकावर मुखवटा आणि त्याला नळी जोडलेलं यंत्र घेऊन आम्ही परत आलो. मामी बघायला आल्या आणि म्हणाल्या, "गणपती बसला का वं घरात?" पण आईला मात्र बजावलं, "आता खिडकी लावू नका, विहीनबाई."

यंत्र लावून झोपले त्यानंतरच्या पहिल्या काही सकाळी नुसतीच चिडचिड झाली, नाक कोरडं, गालावर वळ. मग एका सकाळी मी उठले आणि डोकं हलकं होतं. बस, एवढंच. बाहेर जाऊन पायरीवर बसले. समोरच्या गच्चीवर कुणी पापड घालत होतं. गल्लीतून तणसाची बैलगाडी गेली, मागं काड्या सांडत. धुकं उठत होतं, आणि त्यात धुराचा, शेणाचा, नव्या धानाचा वास होता. हंगाम संपत आला होता आणि मला तो तेव्हा दिसला. मी आईला हाक मारून म्हटलं, "आई, थंडी पडली गं." ती म्हणाली, "हौ वं बाई, कधीचीच."

सकाळची साखर हळूहळू उतरली. सुई सुटली नाही, डोस वाढायचा मात्र थांबला, आणि नागपूरला बाळंतपणासाठी जायची वेळ आली नाही. मुलगी झाली. टाच टोचून तिची साखर बघितली तेव्हा ती अशी किंचाळली की नर्स म्हणाली, फेफडे बढ़िया हैं! बर्फीच निघाली होती म्हणायची. माझी साखर पुढे गेली, यंत्र काही काळ राहिलं. आणि एका दुपारी मामी आल्या, काकूंकडून डबा आणवला, आपल्या हातानं चिन्नौर रांधला, आणि पहिला घास माझ्या तोंडात घातला. तोवर सासरी कुणीही नव्याला हात लावला नव्हता. तो घास मी कितीतरी वेळ चावत राहिले.

आता मुलगी सायकलवर शाळेत जाते. बाबा राहिले नाहीत. आई माझ्याकडे असते. मामी अजूनही या दिवसांत नवा चिन्नौर घेऊन येतात, आणि दोघी विहिणी दुपारभर पाय पसरून गप्पा मारतात. या वर्षी आई बसल्या जागी डुलक्या काढायला लागली, रक्तदाबही वाढला, म्हणून परवा तिला दवाखान्यात नेलं. मामी बरोबर होत्याच. आता तिथं तरुण डॉक्टर आहे. त्यानं कागद बघितले आणि विचारलं, "माताजी, रात को खर्राटे आते हैं?"

मी मुद्दाम गप्प राहिले. तेच बाक, मामी तशाच शेजारी. आईनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं.

"आते हैं," आई म्हणाली. "बहुत आते हैं. मेरी माँ को भी आते थे."

डॉक्टर लिहायला लागला. त्याला एवढंच हवं होतं. पण आई थांबली नाही. तो मराठी समजतो की नाही याची तिला पर्वा नव्हती. "त्या राती मी तिच्या बाजूलेच झोपली होती. माय लय घोरे. मंग एकदम चूप झाली. मले वाटलं, बरं झालं, गाढ झोप लागली. मी कूस बदलून झोपून गेली." मग पदर नीट केला आणि म्हणाली, "सकाळी लोक म्हणे, पुण्यवान बाई."

मामींनी आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. डॉक्टरानं लेखणी खाली ठेवली होती.

इतकी वर्षं मी समजत होते की त्या हंगामात आई रात्र रात्र माझं घोरणं लोकांपासून लपवायला जागी होती. तेही होतंच. पण त्या चित्रीकरणातही घोरणं चालू असताना तिनं मला हलवलं नव्हतं. मी गप्प झाले की ती मला वळवत होती.

आज दुपारी मामींनी आणलेला तांदूळ मी सुपात घेऊन बसले आहे. शेजारच्या खोलीत आई झोपली आहे आणि घर भरून घोरते आहे. नागपूरची तारीख पुढच्या आठवड्यातली आहे. मुलगी शाळेतून येताना गल्लीतूनच ओरडली, "मम्मी, नानी का आवाज चौक तक आ रहा है! खिडकी लावू का?"

"राहू दे उघडी," मी म्हटलं. "ऐकू येऊ दे."